व्हीपीएन की नुसतं एचटीटीपीएस?

सार्वजनिक वाय-फायवर बँकेची साइट उघडली, तरी एचटीटीपीएसमुळे, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या सुरक्षित जोडणीमुळे, पासवर्ड कूटबद्ध होऊनच जातो. त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे तुमची इंटरनेट वाहतूक कूटबद्ध करून आपल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, लागत नाही. मात्र तुम्ही कोणत्या साइटवर गेलात, हे वाय-फाय चालवणाऱ्याला बहुतेक वेळा कळतं. व्हीपीएन ते झाकतं, शिवाय साइटपासून तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) लपवतं. पण तीच माहिती आता व्हीपीएन कंपनीच्या हाती जाते. म्हणून फुकटातलं अनोळखी ॲप घेण्यापेक्षा व्हीपीएन नसलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हीपीएन असलं, तरी गुगलमध्ये लॉगइन असाल तर गुगल तुम्हाला ओळखणारच. आणि बनावट साइटवर स्वतःच ओटीपी भरलात, तर व्हीपीएन आणि एचटीटीपीएस दोन्ही निरुपयोगी, कारण एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र भामट्यांनाही सहज मिळतं. तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, वापरा. ती खोट्या पत्त्यावर चालतच नाही.