सांधा किती वाकला, हे कशानं मोजायचं? गोनिओमीटर, मोबाइल की कॅमेऱ्याचं ॲप

बीड-अंबाजोगाई भागात माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे बरेच जण हाड जुळून आलेले असतात. कुणी धुळे-सोलापूर हायवेवर मोटारसायकलवरून पडलेला, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून, तर एखाद्या आजीबाई अंगणात घसरून मनगट मोडलेल्या. प्लास्टर निघालं की सगळ्यांचा प्रश्न एकच, सांधा मोकळा कधी होणार. हल्ली सोबतचा मुलगा किंवा पुतण्या लगेच मोबाइल पुढे करतो, "सर, ह्याच्यावर मोजलं तर चालतंय का?" चालतं. मात्र सांधा कोणता, मोजणार कोण आणि त्या आकड्यावरून ठरवायचं काय, हे आधी पाहावं लागतं.

गुडघ्याचंच घ्या. पाय पूर्ण सरळ म्हणजे ० अंश. निरोगी गुडघा साधारण १३५ ते १४० अंशांपर्यंत वाकतो. सपाट रस्त्यावर चालायला ६०-७० अंश पुरतात, जिना चढायला ९० च्या आसपास लागतात आणि खुर्चीतून उठायला त्याहून थोडे जास्त. आपल्याकडे मात्र खुरपायला उकिडवं बसायचं असतं, पंगतीत मांडी घालायची असते. त्याला १३० च्या पुढे जावं लागतं. म्हणून "९० झाले, आता बास" हे शेतात राबणाऱ्या माणसाला सांगताना माझी जीभ अडखळते. आणि वाकण्याच्या नादात सरळ होणं विसरू नका. शेवटचे ५-१० अंश सरळ झाले नाहीत तर माणूस लंगडतो आणि मांडीचा स्नायू लवकर थकतो.

गोनिओमीटर म्हणजे कोनमापकाला जोडलेल्या दोन पट्ट्या. प्लास्टिकचा असेल तर काही शे रुपयांत मिळतो. मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर, एक पट्टी खुब्याच्या हाडाच्या दिशेनं, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या दिशेनं. ही हाडं बोटांनी चाचपून शोधावी लागतात, तिथंच सगळं कसब आहे. सराव असलेल्या एकाच माणसानं पुन्हा पुन्हा मोजलं तरी ५ अंशांचा फरक पडू शकतो. माणूस बदलला की फरक वाढतो. पेशंट झोपलेला असो, बसलेला असो, कुशीवर असो, हे साधन कुठेही चालतं. बोटांच्या पेरांसाठी तर छोट्या गोनिओमीटरला पर्यायच नाही, तिथं मोबाइल मावतच नाही. घरच्या माणसाच्या हातात मात्र मी तो सहसा देत नाही. खुब्याचं हाड नवख्याला सापडत नाही, आणि आकडा रोज वेगळा आला की पेशंटचा धीर सुटतो.

मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप वेगळ्या तत्त्वावर चालतं. आतला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो आणि फोन किती कललाय ते सांगतो. त्यामुळे हाड शोधण्याचा त्रास बराच वाचतो. गुडघ्यासाठी उताणं झोपवून टाच गादीवरून ओढत नितंबाकडे आणायला सांगायची. मग फोनची लांब कड मांडीवर धरून कल वाचायचा, तसाच नडगीवर. दोन्हींची बेरीज म्हणजे गुडघ्याचा कोन. मांडी ५५ आणि नडगी ४५ अंश कललेली असेल तर गुडघा १०० अंश वाकला.

यात काही बारकावे आहेत, ते पाळले नाहीत तर आकडा फसवतो. फोनची पाठ टेकवू नका, कॅमेऱ्याचा उंचवटा फोन तिरका करतो. कव्हर काढा. नडगीवर कातडीखाली लगेच हाड असतं, तिथं फोन पक्का बसतो. मांडीवर मांस असतं, आणि दुखापतीनंतर ते झडतं, व्यायामानं पुन्हा भरतं. म्हणजे हाड तिथंच असलं तरी काही आठवड्यांत मांडीवरच्या फोनचा कल बदलू शकतो. यावर उपाय म्हणून मी पेशंटच्या पायावर स्केचपेननं दोन छोट्या रेघा मारून देतो आणि घरच्यांना सांगतो, फोन रोज इथंच लावायचा, मोजणारा माणूसही एकच, वेळही एकच. सकाळी उठल्या उठल्या आणि व्यायामानंतर मोजलेले आकडे एकमेकांशी लावायचे नसतात.

मनगट मोडलेल्यांसाठी तर मोबाइल मला गोनिओमीटरपेक्षाही सोयीचा वाटतो. कोपर कमरेला चिकटवून ९० अंशांत वाकवायचं, फोन मुठीत उभा धरायचा, अंगठा वर. तिथून तळहात आभाळाकडे आणि मग जमिनीकडे फिरवायचा. निरोगी हात दोन्हीकडे ८०-९० अंश फिरतो. ताटलीतलं उचलून तोंडाशी नेणं, कुलूप उघडणं, सगळं याच फिरण्यावर चालतं. आजीबाईंना हे मोजणं आवडतंही, कारण स्क्रीनवरचा आकडा त्यांच्याच हातानं हलतो.

मोबाइल जिथं चालत नाही ती जागा म्हणजे जमिनीला समांतर होणारी हालचाल. बसून मान डावी-उजवीकडे वळवली तर गुरुत्वाकर्षणाच्या मानानं फोनचा कल बदलतच नाही. मग ॲपला होकायंत्राचा आधार घ्यावा लागतो आणि लोखंडी कॉट, पत्र्याचं कपाट जवळ असलं की तो बिघडतो. मान मोजायची तर माझ्याकडे या.

तिसरा मार्ग फोटोचा. उसाच्या हंगामात माझा सगळ्यात जास्त भर यावरच असतो. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. पाय पूर्ण बरा नसला तरी उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढायचं असतं. तो माणूस दर आठवड्याला माझ्याकडे कसा येणार? म्हणून जाण्याआधी जोडीदाराला शिकवतो: खुबा, गुडघा आणि घोटा या तिन्ही हाडांवर एकेक टिकली लावायची, फोन गुडघ्याच्याच उंचीवर, सहा-सात फुटांवर, अगदी काटकोनात धरायचा, गुडघा चौकटीच्या मधोमध ठेवायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा. कोन मी इकडे फोटोवर रेघा ओढून काढतो. कॅमेरा तिरका झाला तर आकडा चुकतो, पण फोटोत सूज दिसते, टाक्यांची जागा दिसते, माणूस नितंब उचलून फसवा कोन दाखवतोय का तेही दिसतं. नुसत्या आकड्यात यातलं काहीच येत नाही.

कॅमेरा समोर धरला की आपोआप सांधे ओळखणारी ॲप्सही आलीत. गूगलचं मीडियापाइप शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं, त्यावर अशी बरीच ॲप्स उभी आहेत. व्यायामाचे रेप्स मोजायला, मुलांना गोडी लावायला ती छानच. पण नऊवारी किंवा धोतर नेसलेल्या माणसाचा खुबा कुठे आहे याचा ती अंदाजच बांधतात. त्यातून आलेल्या आकड्यावर उपचाराचा निर्णय मी घेत नाही.

तेव्हा घरी राहून गुडघा, कोपर किंवा मनगट मोकळं करायचं असेल तर मोबाइलचं लेव्हल पुरेसं आहे, महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टकडून गोनिओमीटरनं तपासून घ्या. लांब असाल तर टिकल्यांचा फोटो. बोटं, मान, किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तर प्रत्यक्षच या. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सांध्याची हालचाल जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर स्वतः मोजतात, तिथं मोबाइलचे स्क्रीनशॉट कामाचे नाहीत. रोजच्या नोंदीसाठी मात्र एक साधन धरलं की तेच धरा. सोमवारी मोबाइल आणि गुरुवारी गोनिओमीटर असं केलं तर फरक सांध्याचा की साधनाचा हे मलाही सांगता येणार नाही.

५ अंशांच्या आतली चढ-उतर मनावर घेऊ नका. "साहेब, कालच्यापेक्षा दोन डिग्री कमी आलं की!" असे फोन येतात, आणि त्या दोन डिग्रींसाठी काही जण रात्री गुडघा दाबून सुजवून घेतात. सर्जननं जेवढं वाकवायला परवानगी दिली आहे त्यापुढे जाऊ नका, विशेषतः गुडघ्याची वाटी तारेनं बांधलेली असेल तर. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर मोजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि सांधेबदलानंतर दीड महिना होत आला तरी आकडा ९० च्या खालीच अडकला असेल तर कारखान्यावर हंगाम संपायची वाट पाहू नका. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांतच नीट लागू पडतो. फोटो पाठवा, आणि सर्जनची तारीख घ्या.