वॉटर्लूचा डायोरामा: १/७२ घ्यायचे की २८ मिमी?

वॉटर्लूच्या लढाईतलं ला हे सांतचं फार्महाऊस डायोरामात (म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या देखाव्यात) करायचं असेल (१८ जून १८१५, ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे मेजर बेअरिंगचे साधारण ४०० जर्मन दुपारभर फ्रेंचांना अडवून बसले, शेवटी गोळ्याच संपल्या) तर पहिला प्रश्न साइजचा.

१/७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, मऊ प्लॅस्टिक, एका बॉक्समधे बरेच पुतळे येतात आणि गर्दी स्वस्तात होते, नेपोलियनच्या लढाईत गर्दीच तर हवी ना, बारा जणांचा फ्रेंच कॉलम (दाटीने चालून येणारी तुकडी) केला तर ती बसची रांग वाटते. पण रंग! प्लॅस्टिक वाकलं की संगिनीवरचा रंग उडालाच, त्यामुळे आधी साबणाच्या पाण्यात धुवा, प्रायमर मारा, शेवटी वार्निश, आणि तरी हात जपूनच लावा.

२८ मिमीवाले (पुतळ्याची उंचीच साधारण तेवढी) कडक प्लॅस्टिक नाहीतर मेटल. बटणं, टोपीवरचा बिल्ला, चेहरे सगळं ब्रशला सापडतं, रंगवायला खरंच मजा येते. पण जागा खातात. २० मीटरची भिंत १/७२ मधे २८ सेंमी, इथे ३६च्या आसपास, आणि धुळीसाठी अ‍ॅक्रिलिकची केस पण तेवढीच मोठी (म्हणजे महाग).

लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममधलं विल्यम सिबोर्नने केलेलं वॉटर्लूचं मॉडेल बघा, पुतळे चिमुकले पण ७० हजारांच्या वर, नजर जाते ती सगळ्या रणांगणावर. म्हणून पूर्ण हल्ला दाखवायचा तर मी १/७२च म्हणेन. फक्त ला हे सांतच्या कोठाराचं तोंड, जिथलं दार आदल्या रात्रीच जळणासाठी फोडलं होतं, आणि तिथली दहा-पंधरा माणसांची झुंबड एवढंच करायचं तर २८ मिमी. दोन्ही एकाच बेसवर मिक्स मात्र करू नका, लगेच खटकतं.