मनाने कापायची पॉवर: पातं घ्यायचं की तडा?

ठाण्यात घडणारी गोष्ट लिहिताय किंवा मित्रांबरोबर रोल-प्लेइंग गेम खेळताय आणि पात्राला मनाने वस्तू कापायची पॉवर द्यायचीये, तर आधी हे ठरवा की ती कापते कशी, हवेत न दिसणारं पातं फिरवून की वस्तूतला तडा वाढवून. डोळे बारीक केले आणि लोखंड दुभंगलं एवढ्यावर पहिले दोन प्रसंग निघून जातात, तिसऱ्यात कोणीतरी विचारतंच की मग हा बँकेची तिजोरी का नाही कापत. माझं मत तड्याच्या बाजूने आहे, पण पात्याचे लाड करणारेही भरपूर आहेत म्हणून दोन्ही सांगतो.

पातं म्हणजे मन हवेत एक न दिसणारी धार फिरवतं. दिसायला एकदम भारी, लिहायला सोपं, आणि दोरी, कापड, रबर, पत्रा सगळ्याला चालतं. गडबड होते ती जोराची. घोडबंदर रोडला कुठल्याही साइटवर पडलेली 12 एमएमची सळई घ्या, ती एका फटक्यात कापायला 4 टनांच्या वर जोर लागतो, म्हणून तर वागळे इस्टेटमधली शिअरिंग मशीनं जमिनीला बोल्टने आवळलेली असतात. आता न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेवढाच धक्का उलटा येणार, तो कोणाला बसतो? डोक्याला बसत असेल तर सळईच्या आधी हिरोची मान जाईल, आणि कोणालाच बसत नसेल तर ती सरळ जादू आहे, चालेल, फक्त मग उगाच सायन्सच्या गप्पा मारू नका.

यातून सुटायचा एक मस्त मार्ग आहे, पातं हळू करा. ग्राइंडरला 4 टन लागत नाहीत कारण तो एका वेळी कणभरच खातो. वायरकट मशीन तर त्याहून भारी, साधारण पाव मिलिमीटरची पितळी तार जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, टेकतसुद्धा नाही, ठिणग्यांनी धातू झिजवत जाते, काम एकदम अचूक पण वेळ लागतो म्हणजे लागतो. लिफ्टची केबल कापायला हिरोला दोन मिनिटं लागत असतील आणि खाली कोणी अडकलं असेल, तर तो प्रसंग वाचक सोडणार नाही. झटक्यात कापणाऱ्या हिरोला हे टेन्शन कुठून आणणार?

आता तडा. इथे मन कापत नाही, वस्तूत आधीच असलेली बारीक फट शोधतं आणि तिला पुढे ढकलतं. याच्यामागे खरं शास्त्र आहे, 1921 मध्ये ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने काचेवर काम करून दाखवलं की वस्तू तिच्या हिशोबी ताकदीच्या कितीतरी आधी तुटते कारण तिच्यात सूक्ष्म तडे असतात, आणि तडा जितका लांब तितकी ती लवकर जाते. एक मीटर लांब आणि 5 एमएम जाड साधी काच आरपार चिरायला जी ऊर्जा लागते ती एक ज्यूलच्या दहाव्या भागाहून कमी. 100 ग्रॅमचा वडापाव मीटरभर वर उचलायला जवळपास एक ज्यूल लागतो, म्हणजे हिरोला घामही फुटणार नाही.

पण लोखंडाला हे जमत नाही, ते तुटायच्या आधी वाकतं, ताणलं जातं, आणि तडा पुढे न्यायला काचेच्या हजारो पट ऊर्जा खातं. इथेच मजा आहे. काच, टाइल, ग्रॅनाइटचा ओटा, पारसिकच्या डोंगरातला बेसॉल्ट यांच्यासमोर हा माणूस राजा, आणि दोरीने बांधलं की संपला. लाकूड रेषेच्या दिशेने फाटेल, आडवं नाही. लोखंडच पाहिजे असेल तर आधी गार करा, खूप थंडीत बरंच स्टील ठिसूळ होतं. जानेवारी 1943 मध्ये अमेरिकेत स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं टँकर जहाज धक्क्याला उभं असताना मधोमध मोडलं होतं, थंडी आणि वेल्डिंगच्या जागचे तडे. ठाण्याच्या हवेत ते होणार नाही, त्यामुळे हिरोला महापे-रबाळ्याच्या एखाद्या कंपनीतून लिक्विड नायट्रोजन पळवावा लागेल, उणे 196 डिग्रीवाला, बघा एक अख्खा भाग आयता मिळाला.

काचेची एक गोष्ट दोघांनाही लागू. गाडीच्या साइडच्या काचा बहुतेक वेळा टफन केलेल्या (तापवून झटकन गार करून मजबूत केलेल्या) असतात, तडा आत पोचला की सगळी काच एका झटक्यात दाणेदार होऊन पडते, म्हणून टफन काचेत गोल भोक पाडून हात आत घालायचा सीन विसरा, कारखान्यातही आधी कापतात आणि मग टफन करतात. पुढची काच लॅमिनेटेड, ती तडकेल पण मधल्या प्लॅस्टिकच्या थरामुळे जागेवरच राहील.

तिसरा प्रकारही लोक मागतात, मनात आणलं की वस्तूचे दोन भाग वेगळे, जोर नाही, वेळ नाही, मटेरियल काहीही असो. व्हिलनला द्या, छान घाबरवेल. हिरोला दिलात तर दुसऱ्या प्रकरणात लिहायला काही उरणार नाही.

गेमसाठी म्हणाल तर पातं सांभाळणं सोपं, किती जाडीला किती मिनिटं एवढं लिहून ठेवलं की झालं. तड्याला गेम चालवणाऱ्याला मटेरियल माहीत पाहिजे, दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारणार की हा पाइप पीव्हीसीचा की बिडाचा (बीड म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड, ते तडकतं, पीव्हीसी बऱ्याचदा नाही). कंटाळा येत असेल तर पातंच घ्या.

आणि पहिल्या मारामारीच्या आधी हे नक्की करा की पॉवर माणसावर चालते का. पातं चाललं तर प्रत्येक भांडणात रक्ताचा सडा. तडा कातडीला काही करणार नाही, पण हाडं ठिसूळ असतात, वरून काही न दिसता आत हाड मोडणारा हिरो तुम्हाला चालणार आहे का ते तुम्ही बघा.