सागवान सांगून भलतंच लाकूड लावलं, 28,700 गेले

लिहायची लाज वाटतेय पण लिहिते, निदान तुमचे तरी पैसे वाचतील. कपाट वर चढवताना आमच्या लाकडी जिन्याचा कठडा मोडला, चार उभे दांडे तुटले आणि खालचा मोठा खांब हलायला लागला. सुताराने सागवानात 26,500 सांगितले. लाकूड आणायला म्हणून 15,000 घेतले आणि मग आठवडाभर फोन बंद. आला एकदाचा, उरलेले 11,500 घेतले, वर पॉलिशचे 2,200.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. दांडे तो रंगवूनच घेऊन आला, कापलेल्या टोकांना पण रंग! एक हातात घेतला तर हलका, पायरीला आपटून कोपऱ्याचा टवका उडाला तर आत पांढरंफटक. विचारलं तर म्हणाला, "ताई, सागाचा सालीकडचा भाग पांढराच असतो." आता सागाचा बाहेरचा भाग फिका असतो हे खरंय, म्हणून मी गप्प बसले. पण चारही दांडे पांढरे कसे असतील? सासूबाई नुकत्याच हॉस्पिटलमधून आलेल्या, त्यांना आधार हवा होता, माझ्या जागी कोणीही घाईच केली असती.

बाराव्या दिवशी त्यांनी खांब धरला आणि तो मुळापासून उखडून हातात आला. थोडक्यात वाचल्या. बघितलं तर जुन्या भोकात भुसा आणि गोंद कोंबलेला, दोन खिळे, वरून पॉलिश. रंगवलेलं लाकूड दारात घेऊच नका, कोरं मागवा आणि समोर टोक कापायला लावा.

चौकीत गेले तर "हा दिवाणी मामला, कोर्टात जा". दुसऱ्यांदा साहेब नाहीत. तिसऱ्यांदा "बिल कुठंय?" अहो, पावती मागितली तेव्हा तो "घरचंच काम आहे ताई" म्हणाला आणि रोख घेऊन गेला, बिल कुठून आणू? लेखी अर्ज नेला तर त्याची पोच द्यायलाही तयार नाहीत, माझ्यावरच आवाज चढवला, म्हातारं माणूस जिन्यावरून पडून मेलं असतं म्हणजे मग घेतली असती का तक्रार? पैसे ऑनलाइनच द्या, कुठलं लाकूड ते मेसेजवर लिहून घ्या. खांबावर अंगाचा भार टाकून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही आणि पॉलिश त्यानंतरच.

सध्या तिथे दोरी बांधलीये, सासूबाई भिंत धरून चढतात. सोमवारी परत चौकीत जातेय, तो टवका उडालेला दांडा घेऊन.