हॉलमधली ग्लायडर स्पर्धा: मोकळी वेळ, बांधीव फेऱ्या की ठरावीक सत्रे?

हॉलमधल्या ग्लायडर स्पर्धेत इंजिन नसलेले छोटे विमान फेकून ते जास्तीत जास्त वेळ हवेत ठेवायचे असते. नियम लिहायला बसण्याआधी छताची उंची मोजा. अडथळ्यांची म्हणजे तुळया, दिवे आणि पंख्यांच्या दांड्यांची उंची वेगळी लिहा. सेकंदाला ४० सेंमी खाली येणारे ग्लायडर ८ मीटरवरून साधारण २० सेकंद उडते आणि १६ मीटरवरून ४०. त्यामुळे दोन वेगळ्या हॉलमधल्या वेळा एकाच यादीत मांडू नका. एफएआय, म्हणजे हवाई क्रीडांचा आंतरराष्ट्रीय महासंघसुद्धा हॉलचे विक्रम छताच्या उंचीनुसार वेगळे ठेवते: ८ मीटरखाली, ८ ते १५, १५ ते ३० आणि ३० च्या वर.

हातफेक की बेचकी

बुटक्या छताखाली हातफेक चालते. दणकट खांद्याचा माणूस जास्त जोर लावून फार तर छताला आपटेल, त्याला फायदा काहीच नाही. छत १५ मीटरच्या पुढे गेले की मात्र निकाल दंडाची ताकदच ठरवते, आणि बारा वर्षांच्या मुलाने उत्तम जुळवलेले ग्लायडरही मागे पडते. तिथे वयोगट वेगळे करा, नाहीतर बेचकी घ्या.

बेचकीत न्याय हवा तर रबर आयोजकांनी द्यावे: एकाच रिळातून कापलेले, ३ मिमी रुंद, १५ सेंमीचा फास, १५ सेंमीच्या दांडीला बांधलेला. फासाला समांतर न ताणणारी दोरी बांधली की ओढही सर्वांची सारखी राहते. वारंवार ताणून रबर थकते, म्हणून दर सत्राला नवा फास द्या. स्वतःचे रबर आणू दिले, तर स्पर्धा ग्लायडरची न राहता रबराची होते.

वेळापत्रक आणि गुणमोजणी

या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवल्या जातात आणि तिथेच घोळ होतो.

मोकळ्या वेळेत प्रत्येकाला ९ उड्डाणे, हवी तेव्हा. ३० स्पर्धकांची २७० उड्डाणे होतात. हवेतला वेळ २०-३० सेकंदांचा असला तरी नाव पुकारणे, वेळ लिहिणे आणि ग्लायडर उचलणे धरून एका उड्डाणाला दोन मिनिटे जातात. वेळ मोजणारी चार टेबले धरली तर हिशेब १३५ मिनिटांचा होतो. प्रत्यक्षात सगळे जण हवा शांत व्हायची वाट पाहत बसतात आणि शेवटच्या वीस मिनिटांत चारही टेबलांवर रांगा लागतात. अनुभवी खेळाडूला हे जमते, नवख्याची दोन-तीन उड्डाणे राहून जातात.

बांधीव फेऱ्यांत ५ फेऱ्या, प्रत्येकी एक उड्डाण आणि पाचही वेळांची बेरीज. १५० उड्डाणे ७५ मिनिटांत संपतात, गर्दी होत नाही. पण प्रत्येक उड्डाण मोजायचे म्हटले की चुकलेल्या फेकीला दुसरी संधी द्यायची का, किती सेकंदांखाली, कितीदा, हे सगळे लिहावे लागते. एकदा तुळईला अडकले की मुलाचा दिवस संपला. वाद होतात ते इथेच.

आमचा कौल तिसऱ्या पद्धतीला: ४५-४५ मिनिटांची तीन सत्रे, प्रत्येक सत्रात ३ उड्डाणे, न वापरलेली उड्डाणे पुढे जाणार नाहीत आणि नऊपैकी सर्वोत्तम तीन वेळांची बेरीज. एफएआयच्या एफ-१-डी या, पिळलेल्या रबरावर पंखा फिरवून उडणाऱ्या विमानांच्या वर्गातही सहांपैकी सर्वोत्तम दोनच धरतात. सहा फेकी वाया गेल्या तरी चालत असल्याने ‘पुन्हा उडवू द्या’ ही मागणी आपोआप विरते. बरोबरी झाली तर चौथे सर्वोत्तम उड्डाण बघा.

तरीही दोन नियम लिहायलाच हवेत. दोन ग्लायडर हवेत धडकली, तर दोघांनाही ती वेळ घेण्याची किंवा पुन्हा उडवण्याची मुभा. ग्लायडर छतात अडकले, तर घड्याळ १० सेकंद चालू ठेवा. तेवढ्यात सुटले तर वेळ चालूच, नाही सुटले तर ते १० सेकंद वजा.

घड्याळे दोन असावीत, वेळ दशांश सेकंदापर्यंत घ्यावी आणि सरासरी काढावी. अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक पडला, तर दोन्ही वेळा लिहिण्याआधी टेबलप्रमुखाला बोलवा. खेळाडूंनीच एकमेकांच्या वेळा घ्यायच्या असतील, तर सत्राला निम्मे उडवणारे आणि निम्मे मोजणारे अशी वाटणी लागते. मग प्रत्येक सत्र दोन भागांत मोडते आणि एकूण वेळ वाढतो, तो आधीच धरा.

राहिली हवा. पंखे आणि वातानुकूलन पहिल्या सत्राच्या अर्धा तास आधी बंद करा, दारांना माणूस ठेवा. पत्र्याचे छत दुपारी तापते, हवा ढवळते आणि ग्लायडर एकाच भिंतीकडे सरकत जातात. म्हणून एक वयोगट सकाळी, दुसरा दुपारी असे करू नका. प्रत्येक सत्रात सगळे वयोगट उडू द्या. सरावाला वेगळी वेळ ठेवा आणि सत्र सुरू झाल्यावर हॉलच्या मध्यभागी चाचणीची एकही फेक होऊ देऊ नका.