नापा कॅबर्नेच्या पलीकडे: रीसलिंग, पिनो न्वार, सिरा की झिनफँडेल?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या घरी चांगली वाइन म्हणजे कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची रेड, कॅबर्ने सोव्हिन्यों, हे जवळजवळ ठरून गेलंय. त्या वाइनचा मान कमावलेला आहे. १९७६ साली पॅरिसमध्ये लेबलं झाकून चव घेतली गेली, तेव्हा नापातल्या स्टॅग्ज लीप वायनरीच्या १९७३ च्या कॅबर्नेने फ्रान्समधल्या बोर्दोच्या मातब्बर वाइन्सना मागे टाकलं. पण आता चांगल्या नापा कॅबर्नेला साठ डॉलर सहज मोजावे लागतात. शिवाय आपल्या जेवणाशी तिचं जमत नाही. साडेचौदा टक्के अल्कोहोल आणि तुरटपणा तिखटाबरोबर आला की जिभेची आग वाढते, आणि वाइनमधली फळाची चव हरवून जाते. म्हणून पुढची बाटली निवडताना मी दोनच गोष्टी बघायला सांगेन: ताटात काय आहे, आणि कॅबर्नेमधलं तुम्हाला नेमकं काय आवडतं.

माझं पहिलं मत न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सच्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनला. न्यू जर्सीहून गाडीने चार-पाच तासांवर हिमनद्यांनी कोरलेली ही लांबट, खोल तळी आहेत. त्यातलं सेनेका तळं सुमारे १८८ मीटर खोल आहे. एवढं पाणी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतं, कडाक्याच्या थंडीतही सहसा गोठत नाही, आणि काठच्या उतारांवरच्या वेली वाचतात. तरीही रीसलिंगसारखी युरोपीय द्राक्षं इथे टिकणार नाहीत असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. युक्रेनहून आलेले द्राक्षतज्ज्ञ डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी थंडी सोसणाऱ्या खुंटांवर कलमं बांधून ते खोटं ठरवलं आणि १९६२ मध्ये क्युका तळ्याकाठी स्वतःची वायनरी काढली. पुढे जर्मनीतल्या मोझेल या रीसलिंगच्या प्रदेशाच्या परंपरेतले हर्मन वीमर यांनी १९७९ मध्ये सेनेकाकाठी आपली वायनरी सुरू केली. या दोन्ही नावांच्या बाटल्या आजही मिळतात आणि तिथूनच सुरुवात करावी.

चवीला हिरवं सफरचंद, लिंबाची साल, धारदार आंबटपणा. अल्कोहोल बहुधा बारा टक्क्यांच्या आसपास, ओकच्या पिंपाचा वास जवळजवळ नाहीच. रीसलिंग म्हणजे गोड, असं समजून अनेकजण ती टाळतात. प्रत्यक्षात ती पूर्ण कोरडी (ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली) असते तशी गोडही. बऱ्याच बाटल्यांच्या मागच्या लेबलवर ड्रायपासून स्वीटपर्यंतची पट्टी असते, तिच्यावरचा बाण बघा. तळलेल्या सुरमईला किंवा कोथिंबीरवडीला ड्राय घ्या. कोळंबीचं तिखट कालवण असेल तर मीडियम ड्राय, कारण तो किंचित गोडवा तिखटाला आवरतो. वीस-पंचवीस डॉलरमध्ये उत्तम बाटली येते. याच दामात नापाची कॅबर्ने घेऊन तुलना केलीत, तर फरक पहिल्या घोटातच कळेल.

रेडच हवी, पण जडपणाचा कंटाळा आलाय? मग ओरेगनमधल्या विलामेट खोऱ्याची पिनो न्वार. पोर्टलंड-हिल्सबरोच्या मराठी घरांना तर डंडी हिल्सच्या लालसर ज्वालामुखी मातीतल्या बागा अगदी हाकेच्या अंतरावर आहेत. इथे पिनो रुजवणाऱ्यांत डेव्हिड लेट यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी वेली लावल्या. १९७९ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत त्यांच्या आयरी वायनरीची १९७५ ची पिनो पहिल्या दहांत आली. पिनोचं माहेर असलेल्या फ्रान्समधल्या बरगंडीचे वाइन-उत्पादक रोबेर द्रुएँ यांनी पुढच्या वर्षी फेरचाचणी घेतली, तर ती थेट दुसरी! १९८७ मध्ये द्रुएँ घराण्याने डंडी हिल्समध्येच जमीन घेतली. यापेक्षा मोठी पावती कोणती? चेरी, ओली माती, पावसाळी रानाचा वास, आणि तुरटपणा बेताचा. मश्रूम, भरली वांगी, साधं भाजलेलं चिकन यांच्याबरोबर ती खुलते; झणझणीत रश्श्यापुढे मात्र दबते. तीस-चाळीस डॉलरखाली मनासारखी बाटली शोधावी लागते. लेबलवर नुसतं ‘ओरेगन’ न बघता ‘विलामेट व्हॅली’ बघा. ओरेगनच्या नियमाने पिनो म्हणवणाऱ्या बाटलीत नव्वद टक्के पिनो असावीच लागते. देशाचा सर्वसाधारण नियम पंचाहत्तरचाच आहे.

कॅबर्नेचा भरदारपणा सोडवत नसेल, तर वॉशिंग्टन राज्याची सिरा घ्या, म्हणजे आपल्या ओळखीची शिराझच. सह्याद्रीच्या पूर्वेला जसा पाऊस आटतो, तसाच कॅस्केड पर्वतांच्या पूर्वेला. कोलंबिया खोऱ्याच्या बऱ्याच भागात वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, त्यामुळे बागा कालव्या-नद्यांच्या पाण्यावर. दिवस तापलेले, रात्री गार, म्हणून फळ पिकतं आणि आंबटपणाही टिकतो. काळी मिरी, जांभळ्या फळांचा रस, थोडा धूर. मटणाच्या सुक्क्याला मी हिच्यापेक्षा चांगली रेड सुचवू शकत नाही. कोलंबिया व्हॅलीची बाटली पंचवीस-तीस डॉलरला मिळते. सीमेपलीकडे, ओरेगनमधल्या मिल्टन-फ्रीवॉटरजवळच्या गोट्यांच्या जमिनीतली सिरा जास्त रानटी आणि बरीच महाग, ती नंतर. सिएटलजवळच्या रेडमंडला राहणाऱ्यांनी शेजारच्या वुडिनव्हिलमधल्या वायनऱ्यांत चव घेऊन मगच खरेदी करावी.

झिनफँडेल नाशिकमुळे आपल्याला परकी नाही. सुलाने ती तिथे लावली. कॅलिफोर्नियात तिचं खरं घर लोडाय, वाळूमिश्रित जमिनीतल्या जुन्या वेलींचं. फळाची चव भरघोस, किंमत परवडणारी. पण अल्कोहोल अनेकदा पंधरा टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे तिखटाची अडचण कॅबर्नेपेक्षाही वाढते. बार्बेक्यूला बेलाशक आणा. ‘ओल्ड व्हाइन’ या शब्दांना अमेरिकेत कायदेशीर व्याख्या नाही, तेव्हा केवळ त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

व्हर्जिनियाची व्हियोन्ये ही पांढरी वाइन वॉशिंग्टन डीसीजवळ राहणाऱ्यांनी जरूर चाखावी. इतरत्र ती दुकानात क्वचितच दिसते.

एकच बाटली आणायची असेल तर मीडियम ड्राय रीसलिंग. दोन आणायच्या असतील तर जोडीला कोलंबिया व्हॅलीची सिरा, आणि ती वाढण्याआधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. उबदार घरात रेडचं अल्कोहोल नाकात जातं.