मायएसक्यूएल सोडून पोस्टग्रेसवर आठ महिने: एक कॉलम वाढवला आणि अकरा मिनिटं गेली

मायएसक्यूएल हा डेटाबेस सोडून आम्ही पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आलो, त्याबद्दल सहाव्या महिन्यातच लिहायचं ठरवलं होतं, मग राहून गेलं. गेल्या मंगळवारी भरदुपारी आमचं ॲप अकरा मिनिटं ठप्प झालं, तेव्हा लिहायला बसलो.

केलं काय होतं, तर एका टेबलात एक कॉलम वाढवला. साधा टेक्स्ट कॉलम, नल (रिकामी किंमत) चालणारा. आवृत्ती ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, नव्या कॉलमला ठरावीक डिफॉल्ट (आपोआप भरली जाणारी किंमत) दिला तरी पोस्टग्रेस अख्खं टेबल पुन्हा लिहीत नाही. माझ्या कॉलमला तर डिफॉल्टही नव्हता. स्टेजिंगवर (चाचणीच्या प्रतीवर) एंटर दाबायच्या आत झालं होतं, म्हणून रात्रीची वाट न बघता प्रॉडक्शनवर (लोक वापरतात त्या डेटाबेसवर) सोडलं. टर्मिनल गप्प. दहा सेकंद, वीस सेकंद. मग ॲपची पानं लोंबकळायला लागली आणि पाठोपाठ कनेक्शनं संपल्याचा एरर. डिफॉल्ट शंभरच असतात, आम्ही ती कधी वाढवली नव्हती.

ज्यांच्याकडे आमचा डेटाबेस भाड्याने आहे त्यांना तिकीट टाकलं. उत्तर चाळीस मिनिटांनी आलं, म्हणजे सगळं सुरळीत झाल्यावर, आणि त्यात सल्ला असा की पुढच्या मोठ्या प्लॅनवर या. सीपीयूचा आलेख जमिनीला टेकला होता, डिस्क निवांत होती आणि म्हणे मोठं मशीन घ्या! मी उलट विचारलं, नेमकं काय कमी पडलं? पुन्हा तोच मजकूर, फक्त खाली सहीचं नाव वेगळं. पोस्टग्रेसवर येण्यामागे निम्मं कारण काटकसर होतं, त्यामुळे हे फारच झोंबलं. रागाच्या भरात पोस्टग्रेसला दोन तारे देऊन मोकळा होणार होतो.

झालं होतं ते असं. कॉलम वाढवायला टेबलावर सगळ्यात कडक लॉक (बाकीच्यांना थांबवणारं कुलूप) लागतं, साध्या सिलेक्टलाही, म्हणजे नुसत्या वाचनालाही, आत न सोडणारं. ते हातात आल्यावर काम क्षणात होतं. प्रश्न ते हातात येण्याचा. एका खोलीत कुणी वही वाचत बसलंय. रंगारी आला, त्याला खोली रिकामी हवी, म्हणून तो दारात थांबला. आता मागून येणाऱ्यांना फक्त वाचायचंच आहे, आतल्या माणसाशी त्यांचं काही भांडण नाही, पण दारात रंगारी उभा म्हणून तेही त्याच्या मागे खोळंबले. माझा आल्टर टेबल (कॉलम वाढवण्याचा हुकूम) हा तो रंगारी. तो किती वेळ थांबणार, तर लॉक टाइमआउट या सेटिंगची डिफॉल्ट किंमत शून्य. शून्य म्हणजे अनंतकाळ!

आठ महिन्यांत मला पोस्टग्रेसमधली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटली. इतका विचारी डेटाबेस, प्रत्येक गोष्टीत अडवून विचारणारा, तारीख जरा चुकली की तोंडावर परत फेकणारा, आणि इथे मात्र बेधडक अनंतकाळ थांबतो.

इथवर लिहून चहूकडे शोधाशोध केली, आणि मत थोडं बदलावं लागतंय. वरचं खोडत नाही, राहू दे. पहिली गोष्ट म्हणजे मायएसक्यूएलमध्येही असंच लॉक आहे, नाव मेटाडेटा लॉक, आणि रांगही तशीच लागते. तिथे लॉक वेट टाइमआउटची डिफॉल्ट किंमत ३१५३६००० सेकंद आहे. हिशोब करा, बरोब्बर एक वर्ष. इनोडीबीचा (तिथल्या साठवणीच्या इंजिनाचा) ५० सेकंदांचा टाइमआउट ओळींच्या लॉकसाठी, या कामात तो मदतीला येत नाही. म्हणजे इतकी वर्षं तिकडे आम्ही वाचलो ते नशिबाने.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. खोलीत वही वाचत कोण बसलं होतं, ते त्या दुपारीच पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीत, म्हणजे चालू सेशनच्या यादीत, दिसलं होतं. अडून बसलेल्या प्रोसेसचा नंबर पीजी ब्लॉकिंग पिड्स या फंक्शनला दिला की कुणामुळे अडलंय ते कळतं. तिथे एक सेशन ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा कामांचा गठ्ठा) उघडं ठेवून गप्प बसलेलं, अडीच तासांहून जुनं. माझंच. सकाळी एका खिडक्यांवाल्या टूलमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की करणं) बंद ठेवून एक सिलेक्ट मारला होता आणि टॅब उघडा टाकून उठलो होतो. क्वेरी संपली तरी ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत वाचनाचं लॉक सुटत नाही. ते सेशन मारलं आणि पुढच्या सेकंदाला सगळं वाहायला लागलं. तारे तीन केले.

तेव्हापासून प्रत्येक मायग्रेशनच्या (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टच्या) सुरुवातीला लॉक टाइमआउट तीन सेकंद. नाही मिळालं लॉक तर पडू दे, थोडं थांबून स्क्रिप्टच पुन्हा प्रयत्न करते. रात्री सहसा पहिल्या फटक्यात, दुपारी कधी चार-पाच फेऱ्या. लोकांना तीन सेकंदांचा अडखळा जाणवतही नाही. हे सेटिंग मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये टाकू नका, मग ते सगळ्यांनाच लागू होतं. मधे पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये बसवला असेल तर ‘सेट लोकल’ वापरा, म्हणजे सेटिंग त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच राहतं, नाहीतर तुमचं सेटिंग त्याच कनेक्शनवर बसलेल्या दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडतं. आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) कॉन्करंटली, म्हणजे बाकीचं काम न थांबवता, बनवताना हा टाइमआउट काढून टाका. तो प्रकार जुनी ट्रान्झॅक्शनं संपायची वाट बघतो, मधेच पडला तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे उरतो: क्वेरीला उपयोग शून्य, पण प्रत्येक इन्सर्टला (नवी ओळ घालताना) त्याचं ओझं. आमच्याकडे असे दोन निघाले, एक तर चार महिने जुना.

मोठ्या टेबलातला कॉलम नॉट नल (रिकामा न चालणारा) करायचा असेल तर थेट करू नका. आधी ‘हा कॉलम रिकामा नको’ असा नॉट व्हॅलिड चेक (जुन्या ओळी न तपासणारी अट) लावा, जुन्या ओळी हजार-हजारच्या तुकड्यांनी भरा, मग तो चेक व्हॅलिडेट करा, म्हणजे जुन्या ओळीही तपासून घ्या. आवृत्ती १२ पासून असा चेक आधीच असेल तर नॉट नल करताना टेबल पुन्हा चाळलं जात नाही. तो चेक नंतर काढून टाकला तरी चालतो.

मूळ स्थलांतराबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आमच्या मायएसक्यूएल ५.७ चा पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला होता, हलायचं होतंच. पीजीलोडर या डेटा हलवणाऱ्या प्रोग्रामने एका रात्रीत काम उरकलं. शून्य तारखांचं त्याने नल केलं, ते बरंच झालं. पण टायनीइंट(१) या छोट्या आकड्याच्या कॉलमचं तो बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) करतो, आणि आमच्या कुण्या पूर्वजाने त्यात ० म्हणजे कच्चा, १ म्हणजे प्रसिद्ध आणि २ म्हणजे लपवलेला अशी सोय लावली होती. २ चं निमूट ट्रू झालं आणि लपवलेले सगळे लेख सकाळी पहिल्या पानावर. तुमच्याकडे असे कॉलम असतील तर आधी प्रत्येकातल्या वेगवेगळ्या किमती मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. काही टेबलं हाताने सीएसव्हीतून भरली, त्यांचे सीक्वेन्स (नव्या ओळीला क्रमांक देणारे मोजक) १ वरच राहिले आणि पहिल्याच नोंदीला डुप्लिकेट की, म्हणजे तो क्रमांक आधीच वापरलेला. ज्याला त्याला हे एकदा होतंच.

लॉगिनचा घोळ मात्र हळूहळू उघडा पडला. जुन्याकडे तुलना करताना कॅपिटल-स्मॉल एकच धरलं जायचं, इथे ते वेगळं. ज्यांनी ईमेलचं पहिलं अक्षर मोठं लिहून खातं उघडलं होतं त्यांना ‘असं खातं नाही’. ते बिचारे नवं खातं उघडून मोकळे. तीन आठवड्यांनी युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा न येऊ देणारा) लोअर(ईमेल) वर, म्हणजे स्मॉल अक्षरांत बदललेल्या ईमेलवर, लावायला गेलो तर दोन-दोन खाती असलेले लोक निघाले, ती हाताने जोडण्यात एक शनिवार गेला. तो इंडेक्स पहिल्या दिवशीच लावा.

एक दुखणं जुन्याचंच. मायएसक्यूएलमधली ‘यूटीएफ८’ ही अक्षरं साठवायची पद्धत एका अक्षराला तीनच बाइट देते. देवनागरी तीनांत बसते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही. इमोजीला चार लागतात, आणि स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारं सेटिंग) बंद असल्याने इमोजीपासून पुढचा मजकूर कापूनच साठवला जात होता. कापलेल्या प्रतिक्रिया नव्या डेटाबेसात तशाच कापलेल्या आल्या. त्यांचं कुणी काही करू शकत नाही.

मग परत का जात नाही? ट्रान्झॅक्शनमध्ये बसणारे स्कीमा बदल, म्हणजे टेबलांच्या रचनेतले बदल. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक आल्टर आपोआप कमिट (पक्का) होतो, पाचातला तिसरा पडला की पहिले दोन झालेले आणि आपण रात्री एक वाजता उलटी स्क्रिप्ट लिहितोय. इथे बिगिन, सगळं चालवायचं, पटलं नाही तर रोलबॅक, सगळं रद्द. प्रॉडक्शनच्या कॉपीवर मी प्रत्येक मायग्रेशन आधी असंच चालवून बघतो. या एका गोष्टीसाठी अर्धा तारा वाढवतो. साडेतीन.

मोठा प्लॅन घेतलेला नाही. तिकीट त्यांनी ‘सुटले’ म्हणून बंद केलं, वर समाधानाचा फॉर्म पाठवला.

माणसांच्या लॉगिनसाठी ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’चा टाइमआउट आता दहा मिनिटं लावलाय, ॲपच्या लॉगिनला नाही. काल त्याने माझंच सेशन तोडलं. अपडेट चालवून ओळी तपासत होतो, कमिट करायचा राहिला होता, सगळं गेलं. चांगलाच चिडलो. पंधरा केलंय.